जुलै आला की फ्लायर का सुटतात? एअर रायफलच्या दरवर्षीच्या दुखण्याचा माग

लक्षण असं. दहा मीटर एअर रायफल. शॉटचे गुण १०.४, १०.६, १०.३, १०.५ आणि मध्येच ८.७. ट्रिगर स्वच्छ सुटलेला, नेम जागेवर, नेमबाज शपथेवर सांगतोय की हा शॉट दहाच्या आतला होता. पुढचा पुन्हा १०.५. बाकीच्यांपासून दूर जाणारा हा एकटा शॉट म्हणजे फ्लायर. साठ शॉटच्या मॅचमध्ये असे पाच-सहा गेले की आठ-दहा गुण गेले, आणि राज्य स्पर्धेत आठ-दहा गुण म्हणजे यादीत चाळीस-पन्नास नावं खाली. हे जूनच्या अखेरीस सुरू होतं, सप्टेंबरपर्यंत चालतं आणि ऑक्टोबर हीटमध्ये आपोआप थांबतं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हजर.

मी वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली. आता ठाण्यातल्या एका छोट्या क्लबातल्या रायफलींची देखभाल बघतो. २०२२ मध्ये आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत जगज्जेता झाला, त्यानंतर आमच्याकडे येणारी मुलं वाढली, आणि मुलांबरोबर पावसाळी तक्रारीही वाढल्या. त्यातली एक तक्रार शेवटपर्यंत उकलायला मला दोन पावसाळे लागले. तुमचा एक तरी वाचावा म्हणून सगळं लिहून काढतोय.

ऐरोलीहून एक मुलगी येते, तेव्हा अकरावीत होती. मे महिन्यात साठ शॉटमध्ये ६२१-६२२ गुणांच्या आसपास मारायची. जुलैत ६०९ वर आली. कोच म्हणाले अभ्यासाचा ताण. वडील म्हणाले मोबाइल. मी रायफल हातात घेतली, वरवर पाहिली, स्क्रू हलवून बघितले आणि परत दिली. एक दिवस लेनवरच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, मी शॉट ओढला नाही. खरंच नाही." मी म्हणालो, "अगं, होतं असं, पावसात हात जड होतात." हे वाक्य मला आजही टोचतं. ती खरं बोलत होती. मी तपासलं नव्हतं आणि तरीही उत्तर दिलं होतं.

ऑक्टोबरात स्कोअर सुधारला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि विषय मिटला. पुढच्या जुलैत पुन्हा तेच. या वेळी मात्र मी वही उघडली.

आधी फक्त चुकलेले शॉट मांडा

बहुतेक जण फ्लायर सुटला की लगेच काहीतरी बदलतात. कोणी डायॉप्टरला (नेम धरायच्या मागच्या साइटला) दोन क्लिक देतो, कोणी पेलेटचा (शिशाच्या छऱ्यांचा) डबा बदलतो, कोणी बॅरल पुसतो, आणि हे सगळं एकाच संध्याकाळी. मग सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ती बदलायच्या आधी चुकलेल्या शॉटची दिशा मांडायची.

दोन आठवडे तिचे फक्त फ्लायर मी एका कागदावर उतरवले. ९.३ च्या खालचा प्रत्येक शॉट, इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या प्रिंटवरून. अडतीस ठिपके जमले. दिशा बघितली तर सगळीकडे: वर, खाली, डावीकडे, आडवे-तिरके. या एका कागदाने अर्धं काम केलं.

कारण पेलेट ढकलणाऱ्या हवेचा दाब कमी-जास्त होऊन वेग बदलला, तर शॉट फक्त वर किंवा खाली जाईल. आडवा जाणार नाही. आपल्याकडे फ्लायर म्हटलं की पहिला संशय रेग्युलेटरवर, म्हणजे हा दाब ठरवणाऱ्या भागावर, जातो, म्हणून हा हिशेब एकदा करून बघा. मॅच रायफलचा पेलेट साधारण १७२ मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो. दहा मीटर कापायला त्याला जेमतेम सहा शतांश सेकंद लागतो, आणि तेवढ्यात तो सोळा-सतरा मिलिमीटर खाली येतो. वेग १ मीटरने पडला तर शॉट ०.२ मिलिमीटर खाली लागेल. एअर रायफलच्या टार्गेटवर एका रिंगला २.५ मिलिमीटर असतात, म्हणजे दशांशाच्या एका घराला पाव मिलिमीटर. थोडक्यात, एक मीटर वेगाने दशांशाचं एक घरही पूर्ण हलत नाही. ५ मीटरने वेग पडला तर शॉट १ मिलिमीटर हलतो. १०.४ चा शॉट केवळ वेगामुळे ८.७ वर न्यायचा असेल, तर वेग एकदम २० ते २५ मीटरने पडायला हवा. तो इतका पडला तर शेजारच्या लेनवरच्यालाही आवाजातला फरक कळेल.

तेव्हा ठिपके सगळीकडे पसरलेले असतील तर रेग्युलेटरला हात लावू नका. ते उभ्या रेघेत असतील तर हवा तपासा, आणि त्याच्याही आधी श्वास आणि पोझिशन तपासा. पूर्ण ग्रुप (शॉटचा पुंजका) घट्ट आहे पण कालच्या जागेवर नाही, असं असेल तर साइट किंवा स्टॉकचे (खांद्याला लागणाऱ्या दांड्याचे) बोल्ट. फक्त पहिला शॉट वर आणि बाकी ठीक, तर रेग्युलेटरचाच संशय, त्याचं पुढे सांगतो. आणि तीस-चाळीस शॉटनंतर ग्रुप हळूहळू फुगत गेला, तर बॅरलमध्ये शिसं साचतंय किंवा नेमबाज थकतोय. यातलं नेमकं कोणतं, ते दुसऱ्या माणसाने तीच रायफल मारली की पंधरा मिनिटांत ठरतं.

माणूस बाजूला काढा

यानंतर रायफल क्लॅम्पमध्ये धरली. आमच्याकडे जाड लोखंडी पाटावर बसवलेला व्हाइस आहे, जबड्यांना फेल्ट आणि चामडं चिकटवलेलं. पकड स्टॉकच्या पुढच्या भागावर, बॅरलवर कधीही नाही. बॅरल दाबलीत तर तुम्ही रायफल नव्हे, स्वतःचा व्हाइस तपासत असता. हे रेंज बंद असताना, रेंज ऑफिसरला सांगूनच करायचं. प्रत्येक शॉटनंतर बोल्ट (पेलेट भरायची खिटी) उघडा आणि टार्गेटकडे कोणी जाणार असेल तर बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग.

तिच्या डब्यातले पन्नास पेलेट मारले. त्यात तीन फ्लायर. क्लॅम्पमध्ये! मी तिथूनच तिच्या घरी फोन लावला आणि सांगितलं, "ताई, तुझी चूक नाही, क्लॅम्पमधूनही सुटतायत." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "काका, मागच्या वर्षीपण हेच असेल ना?" बहुतेक असेलच, असं म्हणालो. मागच्या वर्षीचं आता सिद्ध करता येणार नव्हतं.

मग माझ्या बंद पेटीतला त्याच कंपनीचा, त्याच डोक्याच्या मापाचा, त्याच लॉटचा (एकाच खेपेत बनलेला) डबा काढला. पन्नास शॉट. एकही फ्लायर नाही, पाच-पाच शॉटचे ग्रुप जवळजवळ एकाच भोकात. रायफल निर्दोष, पेलेट दोषी. पण दोन्ही डबे कारखान्यातून एकाच लॉटमध्ये निघालेले, मग एक बिघडला कशाने?

भिंगाखाली

घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग मी जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलं होतं. दहापट मोठं दाखवणारं, वर्षानुवर्षं टिकणारं. माझं मत स्पष्ट आहे: मिलिग्रॅमचा काटा घ्यायच्या आधी भिंग घ्या. तिच्या वडिलांनी बिचाऱ्यांनी काटा आधीच आणला होता. रात्री दहा ते बारा बसून मुलीसाठी ते एकेक पेलेट तोलून कप्प्यात लावायचे. त्यांच्या मायेबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण हिशेब असा आहे: ०.५३ ग्रॅमच्या पेलेटमध्ये एक टक्का फरक असेल, तर वेगात साधारण एका मीटरहून थोडा कमी फरक पडेल आणि टार्गेटवर ०.२ मिलिमीटरही नाही. चांगल्या मॅच पेलेटच्या एका डब्यात एवढाही फरक क्वचित सापडतो. वजनाने फ्लायर सुटत नाहीत. आकाराने सुटतात.

भिंगाखाली दोन गोष्टी दिसल्या.

पहिली, पांढरी साय. ताजा पेलेट गडद करडा आणि किंचित तेलकट दिसतो. तिच्या पेलेटवर कुठे फिकट पांढरे ठिपके, कुठे स्कर्टच्या (मागच्या पोकळ भागाच्या) कडेला भुकटीसारखा थर. मायक्रोमीटर लावला, तर एकाच पेलेटच्या डोक्याचा व्यास एका बाजूने ४.५० आणि नव्वद अंश फिरवल्यावर ४.५३. असा पेलेट बॅरलच्या आट्यांत एका बाजूने जास्त घासतो, तिरपा बसतो, आणि बाहेर पडताना फिरतोही किंचित तिरपा. तो डावीकडे जाईल की वर, हे थर कुठे जमलाय त्यावर ठरतं. म्हणूनच ठिपके सगळीकडे.

शिसं पांढरं पडायला नुसती दमट हवा पुरते, पण इतक्या लवकर नाही. म्हणून मी तिच्या घरी गेलो. खोलीची खिडकी खाडीच्या बाजूला, जुलैत बंद होणारी पण कधीच कोरडी न होणारी. आणि भिंतीला नवीन प्लायवूडचं कपाट, ट्रॉफ्या आणि किटसाठी मागच्याच वर्षी हौसेने करून घेतलेलं. दार उघडलं की नाकाला झोंबणारा वास. डबे आत, अर्धे उघडे.

प्लायवूड, एमडीएफ आणि कितीतरी जातींचं लाकूड अॅसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सोडतं. बंद कपाटात ती साठते. दमट हवा, आम्लाची वाफ आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की शिशावर पांढरा कार्बोनेट धरतो. पूर्वी रंगासाठीचा सफेता असाच बनवत: शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या वाफेत ठेवून. संग्रहालयांत शिशाच्या वस्तू लाकडी कपाटात ठेवत नाहीत, त्याचं कारण हेच. तिच्या आईने, त्या माऊलीने, मुलीच्या सामानाला घरातली सगळ्यात चांगली जागा दिली, आणि नेमकी तीच जागा शिशाला सगळ्यात वाईट होती. मे महिन्यात खोली कोरडी असल्याने थर हळू धरायचा आणि डबा त्याआधी संपायचा. जुलैत परीक्षांमुळे सराव कमी, डबा जास्त दिवस उघडा, हवा दमट. ऑक्टोबरात नवीन डबा यायचा आणि दुखणं "आपोआप" बरं व्हायचं. हंगामाचं कोडं एवढंच होतं.

दुसरी गोष्ट, चेपलेले स्कर्ट. पेलेटचा मागचा भाग पातळ असतो, शिशाचाच, नखानेही वाकतो. तिचा डबा ऐरोली ते ठाणे लोकलमध्ये पाठीवरच्या सॅकमध्ये उभ्याने प्रवास करायचा, अर्धा रिकामा, प्रत्येक धक्क्याला खुळखुळत. पावसाळ्यात गर्दी आणि चेंगराचेंगरी आणखी. बॅरलच्या तोंडातून सगळ्यात शेवटी बाहेर पडतो तो स्कर्टच. त्या क्षणी मागची हवा त्याच्या कडेने निसटते. कडा गोल असेल तर सगळीकडून सारखी निसटते. एका बाजूला चेप असेल तर तिथून आधी निसटते आणि पेलेटला बाजूला ढकलते. डोक्यावरच्या ओरखड्यापेक्षा स्कर्टची चेप जास्त नडते, असा माझा अनुभव आहे.

दोन्ही दोष साध्या डोळ्यांनी पकडायचे असतील तर एक युक्ती: काचेचा तुकडा किंचित उताराला ठेवा आणि पेलेट घरंगळत सोडा. चांगला पेलेट सुरेख कमान घेत जातो. चेपलेला गचके खातो. ते गचके दहा-बारा पेलेट बघितले की ओळखू येतात.

पांढऱ्या पेलेटचं काय करायचं

इथे मला हात जोडून सांगायचंय, कारण मी मुलांना पांढरी भुकटी फुंकर मारून उडवताना पाहिलंय. ती शिशाची भुकटी आहे. श्वासात आणि पोटात जाणारं शिसं वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूला अपाय करतं. फुंकू नका, कपड्याला पुसू नका, पेलेट तोंडात धरू नका. पांढरा पडलेला डबा धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नका. तो झाकण लावून, पिशवीत बांधून क्लबात परत करा. टार्गेटमागे जमलेल्या शिशाबरोबर तो भंगारात जातो. कपाट ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं टाकून द्या. रेंजवरून घरी गेल्यावर आधी साबणाने हात, मग वडापाव. क्रम हाच.

नवीन डब्यांसाठी आम्ही हे केलं: रबरी गॅसकेटचा हवाबंद डबा, स्वयंपाकघरात डाळी ठेवतात त्यातला प्लास्टिकचा, आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. जेलचा रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर परतून पुन्हा कोरडं करायचं, पण ती कढई पुन्हा स्वयंपाकाला नाही. लाकडी कपाट बाद, लोखंडी रॅक. एका वेळी एकच पेलेटचा डबा उघडायचा, त्यावर उघडल्याची तारीख पेनाने लिहायची. प्रवासात त्या दिवसापुरते ऐंशी-नव्वद पेलेट फोमच्या खाचांच्या ट्रेमध्ये, खुळखुळायला जागाच नाही. महागडे मॅच पेलेट सुटे-सुटे खाचांत भरून मिळतात, तेही याच कारणाने. सर्वसाधारण सरावाला त्यांची गरज नाही.

फ्लायर गेले, ग्रुप सरकायला लागला

पेलेट बदलले आणि दोन आठवडे छान गेले. मग नवीन तक्रार: ग्रुप घट्ट, पण सोमवारी मधे आणि गुरुवारी चार वाजताच्या दिशेला. सगळेच्या सगळे शॉट एकत्र सरकलेले. हे वेगळं दुखणं आहे, पहिल्याशी त्याचा संबंध नाही. पहिल्या दुखण्याच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं, एवढंच.

तिची रायफल सेकंडहँड, लॅमिनेटेड लाकडाच्या स्टॉकची. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, लॅमिनेटेड असलं तरी थोडं फुगतंच. स्टॉकला अॅक्शन (बॅरल आणि ट्रिगर बसवलेला धातूचा भाग) धरून ठेवणारे बोल्ट एप्रिलमध्ये आवळलेले, जुलैत लाकूड फुगलं की त्यांच्यावरचा ताण वाढतो, ऑक्टोबरात सुकलं की सैल पडतो. ताण बदलला की अॅक्शन स्टॉकमध्ये वेगळ्या जागी बसते, आणि शॉट लागतात ते वेगळ्या ठिकाणी. अॅल्युमिनियमच्या स्टॉकला हा त्रास नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे, पण प्रत्येकाला तो परवडत नाही आणि लाकडी स्टॉकवर उत्तम स्कोअर निघतात.

उपाय साधा: टॉर्क स्क्रूड्रायव्हर. अंदाजाने आवळू नका, मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलचा आकडा असतो, तेवढाच. दोन बोल्ट असतील तर थोडा पहिला, थोडा दुसरा, असं आळीपाळीने. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी तपासा आणि तारीख वहीत टाका. टूलरूममध्ये आम्ही साच्याच्या बोल्टला रंगाची एक रेघ मारायचो, अर्धी बोल्टवर, अर्धी साच्यावर. तीच रेघ नेलपॉलिशने इथे मारा. रेघ तुटली की बोल्ट फिरलाय. डायॉप्टरच्या आणि पुढच्या साइटच्या स्क्रूंनाही तीच रेघ. या रेघेने आमच्या क्लबात कितीतरी भांडणं मिटवली.

हवा: एका वेगळ्या मुलाची गोष्ट

कळव्याहून येणारा एक मुलगा. त्याचा फक्त पहिला शॉट वर लागायचा, सिरीजमध्ये मध्येच बराच वेळ थांबला तर त्यानंतरचाही. इथे मात्र रेग्युलेटर. रायफलच्या हवेच्या सिलिंडरमधला २०० बारपर्यंतचा दाब रेग्युलेटर एका ठरावीक खालच्या दाबावर आणतो आणि तिथे थांबतो. आतली बारीक सीट खराब झाली, तिच्यावर कण बसला, की तो पूर्ण बंद होत नाही. हवा झिरपत राहते. रायफल पाच-दहा मिनिटं पडून राहिली की पुढच्या कप्प्यात दाब चढतो आणि पहिला पेलेट जास्त वेगाने जातो. क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर पंधरा-वीस मिनिटांत सिद्ध होतं: एकामागोमाग पाच शॉट मोजा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा एक मोजा. एकामागोमागचे दोन-तीन मीटरच्या आत असतील आणि थांबून मारलेला सहा-सात मीटर वर, तर निदान झालं. रेग्युलेटर स्वतः उघडू नका. उच्च दाबाचं काम आहे, ते ज्याला येतं त्याच्याकडेच द्या. आणि रायफलला कुठेही पाना लावायच्या आधी सिलिंडर काढा, उरलेली हवा टार्गेटकडे कोरडा शॉट मारून सोडा.

तो कण कुठून आला? पाण्यातून. पाव लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला साधारण ५० लिटर हवा मावते. जुलैतल्या आपल्या ३० अंशाच्या आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला पंचवीस ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. म्हणजे त्या ५० लिटरमध्ये सव्वा ग्रॅम, पाव चमचा. दाबलेली हवा एवढं पाणी वाफेच्या रूपात धरूच शकत नाही, ते बाहेर पडतं. चांगल्या कॉम्प्रेसरमध्ये ते विभाजकात आणि फिल्टरमध्ये अडतं. फिल्टरमधला ओल धरणारा शोषक पावसाळ्यात लवकर संपतो, आणि तो बदलला नाही तर पाणी सिलिंडरमध्ये येतं. तिथून गंज, गंजाचे कण, आणि मग रेग्युलेटरची सीट. हातपंपाने भरणाऱ्यांनी तर दर दोन-तीन मिनिटांनी थांबून पंप थंड होऊ द्यावा, त्याचं पाणी सोडावं.

जिथे भरता तिथे विचारा: शोषक कधी बदलला? विचारायला लाजू नका. त्या मुलाने ज्या ठिकाणी भरलं होतं तिथल्या माणसाला हा प्रश्नच कळला नाही, त्यावरून आम्ही ठिकाण बदललं. ज्यातून सिलिंडर भरता ती मोठी बाटली उघडून क्षणभर हवा स्टीलच्या स्वच्छ ताटलीवर सोडून बघा. ओलसर ठिपके उमटले तर ती हवा रायफलला देऊ नका. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, पुसटसं. शिवणयंत्राचं किंवा कुठलंही पेट्रोलियम तेल उच्च दाबाच्या हवेजवळ नेऊ नका, ते पेट घेऊ शकतं. आणि सिलिंडरवर छापलेली तारीख बघा. दहा वर्षांच्या पुढे तो वापरू नये, स्पर्धेत तो अडवलाही जातो.

बॅरलबद्दल थोडक्यात. दर पाचशेच्या आसपास शॉटनंतर फेल्टच्या गोळ्या मागच्या बाजूने घाला, पुढून नाही, म्हणजे तोंडाची कडा खराब होत नाही. सफाईनंतरचे पहिले दहा-पंधरा शॉट पसरतात, ते मॅचच्या दिवशी नको, आदल्या दिवशी. एसी हॉलमधून बाहेर दमट हवेत रायफल आणली की तिला घाम फुटतो. केस बंद ठेवा, वीस मिनिटं थांबा, मग उघडा.

हे विचारणारे खूप भेटतात, म्हणून: परदेशात सेंटरफायर रायफलवाले स्वतःची काडतुसं भरतात, दारूचं वजन आणि बुलेटची खोली जुळवतात. आपलं पॉइंट टू टू (.२२) रायफलचं काडतूस असं भरताच येत नाही, त्याची पेटणारी दारू बुडाच्या कडेत असते. तिथे मोठे नेमबाज स्वतःची बॅरल घेऊन वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि जो जुळेल तो उचलतात. एअर रायफलवाल्याचं काडतूस म्हणजे पेलेट आणि हवा. दोन डोक्यांची मापं, दोन लॉट, क्लॅम्पवर प्रत्येकी पन्नास शॉट, एवढंच आपलं भरणं. ते वर्षातून एकदा, कोरड्या महिन्यात करा. जो लॉट जुळला त्याचे पुढच्या जुलैपर्यंत पुरतील एवढे डबे घेऊन ठेवा, हवाबंद.

या वर्षी २० जुलैला तिची रायफल पुन्हा क्लॅम्पवर लावली. पन्नास शॉट, फ्लायर नाही. त्याच आठवड्यात तिने ६२०.२ मारले, बाहेर धो धो पाऊस असताना. मे महिन्यापेक्षा अजून दीड गुण कमी आहे. तिचे ठिपके मी उतरवतोय, आणि या वेळी ते उभ्या रेघेत यायला लागलेत, म्हणून संशय बोल्टच्या तोंडाशी असलेल्या सीलवर आहे. जुनं झालंय, कडक झालंय. नवीन सील मागवलंय. येत्या शनिवारी बसवू आणि क्रोनोग्राफवर वीस शॉट जुन्या सीलने, वीस नव्याने घेऊ. वही तिच्याकडे दिलीय, आकडे तीच लिहिणार आहे.